फोम बोर्डचं रिमोट जेट: कापण्यापासून वावरावरून उडवण्यापर्यंत

बंडीत मागच्या बाजूला जास्त माल भरला की बंडी उलार होते. जू वर उचललं जातं आणि बैल कितीही ताकदीचे असले तरी ती धड चालत नाही. फोमच्या जेटचंही तसंच आहे. माझं पहिलं जेट हातातून सुटताच नाक वर करून उभं राहिलं, उलटलं आणि शेजारच्या तुरीत जाऊन पडलं. मोटर चांगली होती, बॅटरी भरलेली होती, पण विमान उलार होतं. म्हणून या लेखात रंगरूपापेक्षा तोल आणि वजन यांवरच जास्त बोलणार आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. आजवर एकही रिमोट विमान उडवलं नसेल तर सुरुवात जेटने करू नका. संगणकावरच्या सिम्युलेटरवर हात बसवा, मग वर पंख असलेलं संथ ट्रेनर विमान उडवा. जेट वेगात असतं आणि विचार करायला वेळ देत नाही.

सामान

हे खऱ्या अर्थाने जेट इंजिनचं विमान नाही. आकार जेटचा, पण ढकलतो मागे लावलेला पंखा. लागेल ते असं: ५ मिलिमीटर जाडीचे फोम बोर्डचे दोन ताव (५० बाय ७५ सेंटिमीटर), २२१२ मापाची २२०० केव्ही ब्रशलेस मोटर, ६ इंची प्रॉपेलर, ३० अँपियरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा नियंत्रक), ९ ग्रॅमचे दोन सर्व्हो (पंखाचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी), तीन सेलची २२०० एमएएचची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी आणि एलेव्हॉन मिक्सिंगची (पंखाच्या मागच्या कडेचे दोन हलते भाग एकत्र चालवण्याची) सोय असलेला ६ चॅनेलचा ट्रान्समीटर, म्हणजे हातातला रिमोट, विमानात बसणाऱ्या त्याच्या रिसीव्हरसह. फोम बोर्ड नागपूर-अमरावतीच्या मोठ्या स्टेशनरी दुकानात मिळतो. इलेक्ट्रॉनिक सामान तालुक्याच्या गावापर्यंत कुरिअरने येतं. सनबोर्ड म्हणून मिळणारा ताव घेताना हातात तोलून पाहा. जड, टणक निघाला तर तो पाटी बनवायला ठेवा, विमानाला नको.

कार्बन रॉड मिळाला नाही तर अडून बसू नका. बुरडाकडून बांबूची सरळ, वाळलेली कामटी आणा, ती पुरते.

कापणी

आकार तेजसच्या जातीचा घेऊ या. ४ जानेवारी २००१ रोजी पहिल्यांदा उडालेल्या तेजसला शेपटीचा आडवा पंख नाही. त्रिकोणी मुख्य पंखाच्या मागच्या कडेला असलेल्या एलेव्हॉनच त्याला वर-खाली आणि डावी-उजवीकडे झुकवतात. फोमसाठी हे फार सोयीचं आहे, कारण दोन सर्व्होंत काम भागतं.

पहिल्या तावातून ७५ बाय ३५ सेंटिमीटरचा तुकडा वेगळा काढा. त्याच्या वरच्या कडेवर डावीकडून ६० सेंटिमीटरवर खूण करा, खालच्या कडेवर डावीकडून १५ सेंटिमीटरवर. दोन्ही खुणा जोडून एकच तिरपा काप घ्या. पंखाचे दोन्ही भाग तयार झाले, फोम जराही वाया गेला नाही. एक भाग पालथा करा आणि दोघांच्या ६० सेंटिमीटरच्या बाजू एकमेकींना भिडवा. ७० सेंटिमीटर विस्ताराचा, मागची कड सरळ असलेला डेल्टा, म्हणजे त्रिकोणी, पंख समोर दिसेल. उरलेल्या पट्टीतून २० बाय १४ सेंटिमीटरचे दोन उभे पंख कापून पुढची कड तिरपी करा.

कटरचं पातं नवं हवं. बोथट पातं फोम कापत नाही, ओरबाडतं. एका दमात आरपार कापायला जाऊ नका, तीन हलके हात फिरवा.

दुसऱ्या तावातून ७५ सेंटिमीटर लांबीच्या तीन पट्ट्या काढा: दोन ५ सेंटिमीटर रुंद, एक ७ सेंटिमीटर रुंद. त्यांची वरून उघडी पेटी बनवा. पंख या पेटीवर बसवा, पेटीचं मागचं टोक पंखाच्या मागच्या कडेशी जुळवा. पुढे १५ सेंटिमीटर पेटी मोकळी राहील. तिच्यात बॅटरी बसेल, वर उघडता येणारं झाकण करा आणि तोंडाला फोमचं टोकदार नाक चिकटवा.

जोडणी

हॉट ग्लू वापरा, पण बेताने. ग्लूचं वजन दिसत नाही, काट्यावर मात्र कळतं. फेविक्विकसारखा झटपट गोंद उघड्या थर्माकोल-फोमला खातो, तो इथे चालणार नाही. पंखाच्या खालून, पुढच्या टोकापासून ३५ सेंटिमीटर मागे, ५० सेंटिमीटरची कामटी आडवी चिकटवा. ती बसेल एवढ्या खाचा पेटीच्या बाजूंना आधीच पाडून ठेवा. ही कामटी नसेल तर जोरात वळवताना पंख मधोमध दुमडतो.

एलेव्हॉन ५ सेंटिमीटर रुंद ठेवा. मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना ७ सेंटिमीटर सोडून तिथून टोकापर्यंत कापा. बिजागरीची कड ४५ अंशांत तासा आणि वरून चांगल्या प्रतीची टेप लावा. उभे पंख एलेव्हॉनच्या पुढे, मधल्या रेषेपासून १२ सेंटिमीटरवर उभे करा. हॉर्नसाठी, म्हणजे एलेव्हॉनवर तार अडकवायच्या खुंटीसाठी, जुनं प्लॅस्टिक कार्ड कापलं तरी चालतं. सर्व्होपासून हॉर्नपर्यंतची तार सरळ आणि ताठ हवी, लवचीक तारेने एलेव्हॉन वेगात थरथरतो.

मोटर ३ मिलिमीटरच्या प्लायच्या तुकड्यावर स्क्रूने बसवा आणि तो तुकडा पेटीच्या मागच्या टोकाला पक्का करा. प्रॉपेलरवर छापलेले आकडे विमान जाणार त्या दिशेला, म्हणजे नाकाकडे, असायला हवेत. मोटर उलटी फिरली तर ईएससीच्या तीन तारांपैकी कुठल्याही दोन अदलाबदल करा. पण ही तपासणी प्रॉपेलर काढून करा. एवढी सूचना हयगय न करता पाळा, कारण या मोटरला बोट आणि फोम यांत फरक कळत नाही.

तोल

सगळं सामान आत ठेवून, बॅटरीसकट विमान तोला. ६५० ग्रॅमच्या आसपास वजन असेल तर उत्तम, ७५० च्या वर गेलं तर कुठे ग्लू-टेप जास्त झाली ते शोधा. मग पंखाच्या पुढच्या टोकापासून, म्हणजे ६० सेंटिमीटरची बाजू जिथे सुरू होते तिथून, २४ सेंटिमीटर मागे खालच्या बाजूला दोन खुणा करा. दोन बोटांवर विमान त्या खुणांवर उचला. नाक किंचित खाली झुकलं पाहिजे. शेपटी खाली गेली तर विमान उलार आहे. बॅटरी पुढे सरकवा. तरीही जमत नसेल तर नाकात वजन घाला, पण तसंच उडवायला जाऊ नका. नाक थोडं जड असलेलं विमान आळशीपणे उडतं, शेपटी जड असलेलं एकदाच उडतं. जागा जमली की बॅटरीखाली वेल्क्रो लावा आणि पेटीच्या आत पेनाने रेघ मारून ठेवा, म्हणजे दर वेळी ती तिथेच बसेल.

आता ट्रान्समीटर. विमानाच्या मागे उभे राहा. काडी स्वतःकडे ओढली की दोन्ही एलेव्हॉन वर, उजवीकडे नेली की उजवा वर आणि डावा खाली. सुरुवातीला वर-खाली १२ मिलिमीटर हालचाल आणि ३० टक्के एक्स्पो (काडी मध्याजवळ असताना हालचाल मऊ करणारी सेटिंग) पुरे. काडी मध्ये असताना दोन्ही एलेव्हॉन २-३ मिलिमीटर वर उचललेले हवेत, सपाट ठेवले तर डेल्टा नाक खाली घालतो. शेवटी फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावर मोटर आपोआप बंद होण्याची सोय: प्रॉपेलर काढून मोटर चालू करा आणि ट्रान्समीटर बंद करा. मोटर थांबलीच पाहिजे.

वावर निवडताना

हरभरा निघाला की आपल्याकडे वावरं मोकळी होतात. मालकाला विचारल्याशिवाय पाय टाकू नका. नांगरलेल्या काळ्या जमिनीतली वाळलेली ढेकळं नाक फोडतात, गवताळ पडीक बरं. पंपाच्या तारा आणि वीज केंद्रांकडून येणारे उच्चदाबाचे मनोरे लांब हवेत. आणि कठडा नसलेली विहीर कुठे आहे ते आधी चालत जाऊन पाहा. उडवणारा माणूस वर पाहत मागे सरकतो, पायाकडे त्याचं लक्ष नसतं. सोबत एक जण असू द्या.

भारतात ड्रोन नियम २०२१ लागू आहेत. सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या ऑनलाइन नकाशावर आपली जागा हिरव्या पट्ट्यात आहे का ते बघा. हिरव्या पट्ट्यातही ४०० फुटांची मर्यादा आहे, विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फूट होते. नागपूर विमानतळ, पुलगावचं दारूगोळा भांडार, भंडारा आणि भद्रावतीचे आयुध कारखाने यांच्या आसपास विचारही करू नका. ताडोबा, मेळघाट, पेंच, बोरच्या जंगलाजवळही नको, तिथल्या जनावरांना हा आवाज त्रासाचा आहे.

वेळ सकाळचीच. एप्रिल-मे महिन्यात दुपारी वावटळी उठतात, शिवाय तापलेली हवा विरळ असल्याने पंखाला उचल कमी मिळते. बंद गाडीत विमान ठेवलं तर हॉट ग्लू मऊ पडून मोटरचा प्लाय वाकडा होतो. मी एकदा दुपारी गाडीतून काढलेलं विमान तसंच उडवलं, आणि ते सारखं एका बाजूला ओढत राहिलं.

उड्डाण

आधी मोटर बंद ठेवून गवतावर एक-दोनदा अलगद फेकून पाहा. नाक खुपसलं किंवा वर उठलं तर लगेच कळेल. मग वाऱ्याकडे तोंड करा. सोबत्याने पेटीला खालून, तोलाच्या खुणांच्या थोडं पुढे धरावं आणि चार पावलं पळत सपाट, जोरात फेकावं. आकाशाकडे फेकू नये. प्रॉपेलर मागे असल्याने हातात असताना मोटर बंदच ठेवायची. विमान हातातून सुटलं की त्याच क्षणी थ्रॉटल द्या, म्हणजे मोटरचा वेग वाढवा. वेग आल्याशिवाय वळवू नका. ३०-४० मीटर उंची मिळाली की थ्रॉटल अर्ध्यावर आणा आणि ट्रिम करा, म्हणजे काडी सोडली तरी विमान सरळ उडेल अशी बारीक दुरुस्ती करा.

घड्याळ ५ मिनिटांचं लावा. उतरवताना वाऱ्याकडे तोंड करून लांबून या, थ्रॉटल थोडा ठेवून नाक किंचित वर धरा. डेल्टा या स्थितीत संथ आणि सुरक्षित उतरतो. जमिनीपासून हातभर वर असताना मोटर बंद करा.

घरी आलात की बॅटरी आधी काढा. प्रत्येक सेल ३.५ व्होल्टच्या खाली गेलेला नसावा. दोन-चार दिवस उडवायचं नसेल तर सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवा. चार्जिंग २.२ अँपियरवर, बॅलन्स चार्जरने, फरशीवर, नजरेसमोर. झोपताना चार्जरला लावून ठेवू नका. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नका. आणि विमान पत्र्याच्या छताखाली टांगू नका. माळवदाच्या किंवा कवेलूच्या थंड खोलीत भिंतीला सपाट लावून ठेवा, म्हणजे पंख पुढच्या सकाळीही सरळ राहील.