जुन्या विमानाचे इंजिन हवेत अडखळते आणि जमिनीवर सुरळीत चालते, तेव्हा

पायपर जे-३ कबसारख्या १९४० च्या दशकातील विमानाचे ६५ अश्वशक्तीचे कॉन्टिनेन्टल इंजिन उड्डाणात अडखळले आणि उतरल्यावर निर्दोष वाटले, तर सुटे भाग बदलण्याची घाई करू नये. त्या वेळचे तापमान, आर्द्रता, उंची आणि थ्रॉटलची (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणाऱ्या दांड्याची) स्थिती आधी लिहून ठेवावी.

पहिला संशय कार्ब्युरेटरमधील, म्हणजे हवा आणि इंधन मिसळणाऱ्या भागातील, बर्फावर घ्यावा. बाहेर २० अंश सेल्सिअस असतानाही दमट हवेत तेथे बर्फ साचू शकतो, आणि विमान उतरेपर्यंत तो वितळून गेल्यामुळे तपासणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. कार्ब्युरेटर हीट (त्या भागात गरम हवा सोडणारी झडप) पूर्ण उघडल्यावर इंजिनाचे फेरे आधी घटून, इंजिन थोडे खडखडून, मग पुन्हा वाढले, तर कारण सापडले असे समजावे.

दुसरी जागा इंधनाच्या टाकीचे झाकण. कबमध्ये इंधन केवळ गुरुत्वाकर्षणाने वाहते आणि टाकीत हवा झाकणातूनच शिरते. ती वाट कचऱ्याने किंवा कीटकाच्या घरट्याने बुजली, तर प्रवाह हळूहळू मंदावतो. म्हणून अधिकृत तंत्रज्ञाकडून कार्ब्युरेटरपाशी नळी सोडवून झाकण लावून आणि मग काढून प्रवाह मोजून घ्यावा. झाकण काढूनच मोजणे ही नेहमीची चूक आहे, कारण त्याने दोषच लपतो.

तिसरी जागा मॅग्नेटो, म्हणजे ठिणगीसाठी वीज निर्माण करणारे यंत्र. त्याची सदोष गुंडाळी मात्र बहुधा तापल्यावर दगा देते, त्यामुळे तिची तपासणी सकाळच्या थंड इंजिनावर न करता उतरल्याबरोबर करावी.