दुधीचा मांडव की करंजाची सावली?

अंगणात सावली हवी असेल तर एकतर वेल चढवायची, नाहीतर झाड लावायचं. दुधीचं बी टोकल्यापासून दोन-अडीच महिन्यांत मांडव झाकला जातो. करंजाखाली खुर्ची टाकून बसायला मात्र पाच-सात वर्षं थांबावं लागतं. एवढं ऐकल्यावर बहुतेक जण वेलीकडे वळतात. वेगापेक्षा चूक किती महागात पडते ते आधी पाहावं. मांडव चुकीच्या जागी झाला तर पुढच्या हंगामात खांब हलवता येतात. झाड चुकलं तर दहा वर्षांनी करवत आणावी लागते. म्हणून वेल लगेच लावा आणि तिच्या एका हंगामाचा उपयोग झाडाची जागा ठरवायला करा.

आधी ऊन मोजा

सकाळचं ऊन सहसा कुणाला नकोसं नसतं. जीव घेतं ते दुपारी तीननंतरचं, पश्चिमेकडून तिरपं येणारं. एक मीटरची काठी सपाट जमिनीत सरळ रोवा आणि दुपारी १, ३ व ५ वाजता सावलीच्या टोकाशी खडा ठेवा. हे सर्वांत तापलेल्या महिन्यात करा, कारण त्याच वेळची सावली वर्षभरात बरीच सरकते.

समजा, एखाद्या वेळी काठीची सावली दीड मीटर पडली. त्या वेळी ६ मीटर उंच झाडाच्या शेंड्याची सावली ९ मीटरवर जाईल. खालच्या फांद्या अडीच मीटरवर सुरू होत असतील, तर दाट सावली बुंध्यापासून साधारण चार ते नऊ मीटरच्या पट्ट्यात पडेल आणि बुंध्याशी ऊनच राहील. म्हणजे संध्याकाळी जिथे बसायचं, त्याच्या पश्चिमेला काही मीटर सोडून झाड हवं. बसायच्या जागेच्या बरोबर मधोमध झाड लावणारे इथेच फसतात.

मांडवालाही हाच हिशेब लागू. २ मीटर उंचीच्या आडव्या मांडवाची सावली त्या वेळी ३ मीटर पूर्वेला सरकलेली असते, त्यामुळे ३ मीटर रुंद मांडवाखाली तेव्हा सगळीकडे ऊन शिरतं. उपाय सोपा आहे: पश्चिमेच्या बाजूला वरपासून जमिनीपर्यंत उभी जाळी सोडा आणि एक वेल तिच्यावर चढू द्या. खिडकी किंवा भिंत झाकायची असेल तर आडवा मांडव नकोच, नुसती उभी जाळी पुरते. भिंत आणि जाळीत एक वीत तरी जागा सोडा. हवा खेळली नाही की पानांवर भुरी, म्हणजे पांढऱ्या पिठासारखी बुरशी, येते.

दुधीचा मांडव

वेलींमध्ये दुधी निवडायचं कारण तिची पानं. ती मोठी असतात आणि एकमेकांवर येतात. दोडक्याची सावली त्यामानाने विरळ, कारल्याची तर जाळीदारच. मात्र दुधीचं वजन विसरू नका. अर्धा ते एक किलोची पंधरा फळं आणि पावसाने भिजलेला पाला मिळून तीस-चाळीस किलोंचा भार सहज होतो, त्यात वाऱ्याचा हिसका वेगळा. ३ × ३ मीटरच्या मांडवाला चार कोपऱ्यांचे खांब ६० सेंमी जमिनीत आणि २ मीटर वर ठेवा. प्रत्येक कोपऱ्याला बाहेरच्या बाजूने तिरप्या तारेने ताण द्या. कडेने जाड तार आणि आत ३० सेंमी अंतरावर बारीक तारा किंवा सुतळी ओढा. मांडव पडतो तो खांब मोडून कमी आणि ताण नसल्याने जास्त.

एवढ्या मांडवाला तीन वेली पुष्कळ झाल्या. ४५ सेंमी लांब, रुंद आणि खोल आळं करा, दोन भाग माती आणि एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत भरा. बी रात्रभर पाण्यात भिजवून २-३ सेंमी खोल टोका, एका आळ्यात तीन. आठवडाभरात उगवतात, चार पानांवर आल्यावर सर्वांत जोमदार रोप ठेवून बाकीची कात्रीने कापा. उपटलीत तर शेजारच्या रोपाची मुळं दुखावतात. थंडीत बी टोकू नका, रात्री पारा १५ अंशांखाली जात असेल तर रोप जागच्या जागी बसून राहतं. कुंडीत लावायचं असेल तर एका वेलीला ५० लिटरची तरी हवी. लहान कुंडीतली वेल दुपारी रोज मान टाकते आणि कोवळी फळं गाळते.

मांडवापर्यंत एकच खोड वर न्या, बगलफूट, म्हणजे पानाच्या बगलेतून येणारी फूट, खुडत राहा. खोड तारांवर पोचलं की त्याचा शेंडा खुडा आणि वरच्या तीन-चार बगलफुटी चारी दिशांना पसरू द्या. दुधीत मादी फुलं मुख्य खोडापेक्षा बगलफुटींवर जास्त येतात, शिवाय सावलीही सारखी पसरते.

सुरुवातीला नुसती नर फुलं येतात आणि गळतात. त्यात बिघडलेलं काही नाही. मादी फूल ओळखायला सोपं, पाकळ्यांखाली इवलासा दुधी असतो. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात आणि सकाळपर्यंत मिटायला लागतात, त्यामुळे दिवसा फिरणाऱ्या मधमाश्यांचा फारसा उपयोग होत नाही. इवलं फळ पिवळं पडून गळत असेल तर अंधार पडताना ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि परागकण मादी फुलाच्या मधल्या भागाला हलकेच चोळा. पाला काळाभोर आणि फुलंच नाहीत, असं असेल तर नत्र जास्त झालंय; खत थांबवा.

फळ वाकडं होऊन एका जागी डिंकासारखा थेंब दिसला तर ती फळमाशी. तिने सालीखाली अंडी घातलेली असतात, त्यामुळे वरून फवारून आतली अळी मरत नाही. बोटाएवढं झाल्यावर फळाला कागदी पिशवी बांधा, क्यू-ल्युअरचा (नर माश्यांना ओढणाऱ्या गंधाचा) कामगंध सापळा टांगा आणि किडलेली फळं बंद पिशवीत भरून उन्हात तापवा. वेलीखाली पडू दिलीत तर अळ्या मातीत कोष करतात आणि माश्या पुन्हा वर येतात.

दुधी कोवळा काढा, नख सहज रुतलं पाहिजे. चिरल्यावर कच्चा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंका आणि सगळा दुधी टाकून द्या. तो कडवटपणा विषारी असतो आणि शिजवून जात नाही.

करंज लावताना

करंज जवळजवळ वर्षभर हिरवा राहतो, पानगळ थोडे दिवस असते, कमी पाण्यावर आणि हलक्या जमिनीतही तग धरतो. त्याचा घेर उंचीइतकाच वाढतो, १० मीटरपर्यंत सहज. म्हणून भिंत, पाण्याची टाकी आणि ड्रेनेजच्या पाइपपासून ६ मीटर तरी लांब. चारच मीटर जागा असेल तर झाडाचा विचार सोडा, तिथे मांडवच बरा. शेंगांमधल्या बिया खाण्याच्या नाहीत, लहान मुलं खेळत असतील तर त्या झाडून काढाव्या लागतील. पानांवर फोडांसारख्या गाठी येतात, त्या कोळी नावाच्या अतिसूक्ष्म किडीमुळे (माइट), जाळं विणणाऱ्या कोळ्यामुळे नव्हे. दिसायला वाईट, पण मोठ्या झाडाला फारसा त्रास नसतो.

मोठं रोप आणायचा मोह होतो. कमरेएवढं रोपच चांगलं, पिशवीत फार दिवस राहिलेल्या रोपाची मुळं तळाशी गोल गुंडाळलेली असतात आणि पुढे तीच खोडाला आवळतात. पिशवी काढल्यावर ती गोल मुळं कापून टाका. खड्डा मुळांच्या गड्ड्याएवढाच खोल, पण तिप्पट रुंद. खोड जिथे मुळांना मिळतं ती जागा मातीच्या वर दिसलीच पाहिजे. खोड पुरलं गेलं तर साल कुजते आणि झाड तीन-चार वर्षांनी अचानक खंगतं. तेव्हा कारण कुणाच्या लक्षात येत नाही. खड्डा नुसत्या शेणखताने भरू नका, खत कुजून माती खचते आणि रोप खाली बसतं.

पहिलं वर्ष पावसाळा सोडून चार-पाच दिवसांनी १५-२० लिटर पाणी सावकाश द्या. रोज तांब्याभर घातलंत तर मुळं वरच राहतात. आळं दर वर्षी फूटभर रुंद करत न्या, कारण पाणी पिणारी मुळं बाहेर सरकत असतात. खालच्या फांद्या लगेच छाटू नका, त्यांच्यामुळेच खोड जाड होतं. तिसऱ्या वर्षापासून थोड्या थोड्या काढा, एका वेळी पाव भागापेक्षा जास्त नाही.

दोन्ही एकत्र

वेल रोपावर चढवू नका. तणावे शेंडा वाकवतात, मोठी पानं रोपाचं ऊन खातात आणि करंज वाकडा तो वाकडाच राहतो. मांडव रोपापासून ३ मीटर तरी पूर्वेला घ्या. तिथे वेलीला सकाळपासून दुपारपर्यंतचं ऊन मिळतं आणि दुधीला रोज सहा तास लागतातच. चौथ्या-पाचव्या वर्षी झाडाची सावली मांडवावर यायला लागली की फुलं कमी होतात आणि भुरी वाढते. मग खांब काढून उन्हाच्या बाजूला न्यायचे.

हंगाम संपल्यावर वेल ओढून काढू नका, तारा निघून येतील. जमिनीलगत कापा, आठ-दहा दिवस वर तशीच वाळू द्या, मग तणावे नुसत्या हाताने मोडतात.