वेबसाइटचं कोटेशन घेण्याआधी
वेबसाइट किती पानांची, यापेक्षा ती काय काय करणार यावर खर्च ठरतो. दुकानाची माहिती, फोटो, नकाशा आणि व्हॉट्सॲपचं बटण एवढंच हवं असेल तर काम स्वस्तात होतं. ऑनलाइन पेमेंट, स्टॉक, कुरिअर जोडायचं म्हटलं की रक्कम झपाट्याने वाढते, कारण प्रत्येक जोडणी तपासून घ्यावी लागते. फोटो आणि मजकूर तुम्हीच तयार दिलात तर बरेच पैसे वाचतात. कोटेशनमध्ये १८ टक्के जीएसटी धरलाय का, दुसऱ्या वर्षापासून डोमेन (वेबसाइटचा पत्ता) आणि होस्टिंग (वेबसाइट ठेवायची इंटरनेटवरची जागा) यांचे किती पडणार, दुरुस्त्या किती वेळा फुकट, हे लेखी घ्या. आणि डोमेन स्वतःच्याच नावाने, स्वतःच्या ईमेलवर नोंदवा. डिझायनर बदलायची वेळ आली की बहुतेकदा इथेच अडवणूक होते.