हायबरनेटमध्ये इनहेरिटन्स वापरताय? या चुका टाळा

हायबरनेट म्हणजे जावाचे ऑब्जेक्ट डेटाबेसच्या टेबलांत ठेवणारी लायब्ररी. समजा, पेमेंट हा बेस क्लास, त्याखाली कार्डपेमेंट आणि यूपीआयपेमेंट. एवढी साधी रचना, तरी सर्वाधिक डोकं खातो तो इन्स्टन्सऑफ, म्हणजे ऑब्जेक्ट कोणत्या क्लासचा हे तपासणारा ऑपरेटर. ऑर्डरवरून पेमेंट लेझी लोड केलं (म्हणजे गरज पडेल तेव्हाच वाचायचं ठेवलं), टेबलात डीटाइप (ओळ कोणत्या सबक्लासची हे सांगणारा कॉलम) स्पष्ट ‘यूपीआयपेमेंट’ आहे, आणि तरीही तपासणी फॉल्स येते. कास्ट करायला गेलात तर क्लासकास्ट एक्सेप्शन.

डीबगरमध्ये ऑब्जेक्टचा क्लास बघा. पेमेंट या नावामागे हायबरनेटप्रॉक्सीचं शेपूट दिसेल. प्रॉक्सी म्हणजे खऱ्या ऑब्जेक्टच्या जागी उभा केलेला बदली ऑब्जेक्ट. प्रॉक्सी बनवताना हायबरनेटने पेमेंटची ओळ वाचलेलीच नसते, मग प्रकार कळणार कुठून? म्हणून तो बेस क्लासचाच प्रॉक्सी देतो. पुढे ओळ लोड झाली तरी हातातला प्रॉक्सी बदलत नाही. दोन ऑब्जेक्टची तुलना करणाऱ्या इक्वल्समध्ये गेटक्लास वापरलं असेल तर तिथेही हाच घोळ. ५.२.१० पासून हायबरनेट डॉट अनप्रॉक्सी ही मेथड आहे, पण ती मलमपट्टी झाली. शुल्क काढायचं असेल तर बेस क्लासमध्ये मेथड ठेवा आणि सबक्लासमध्ये ओव्हरराइड करा. प्रॉक्सी कॉल खऱ्या ऑब्जेक्टकडेच पाठवतो. पॉलिमॉर्फिझम असतो कशासाठी?

ही उतरंड टेबलांत कशी मांडायची ती स्ट्रॅटेजी लिहिलीच नाही तर जेपीए (हायबरनेट पाळतं ते जावाचं मानक) सिंगल टेबल धरतं, म्हणजे सगळे सबक्लास एकाच टेबलात. वेगाला उत्तम, पण यूपीआय आयडीच्या कॉलमवर नॉट नल लावता येत नाही, कारण कार्डाच्या ओळींत तो रिकामाच असणार. डीटाइप बघून अडवणारा चेक कन्स्ट्रेंट डेटाबेसमध्ये घाला. आणि डिस्क्रिमिनेटर व्हॅल्यू, म्हणजे डीटाइपमध्ये जाणारं मूल्य, स्वतः लिहा. नाहीतर एन्टिटीचं (टेबलाशी जोडलेल्या क्लासचं) नावच डीटाइपमध्ये बसतं, आणि कोणी क्लासचं नाव बदललं की त्या सबक्लासच्या क्वेरीतून जुन्या नोंदी गुपचूप गायब. एरर नाही, लॉग नाही. अकाउंट्सवाल्यांचा फोन येतो तेव्हा कळतं.

टेबल पर क्लास (प्रत्येक क्लासला स्वतंत्र, पूर्ण टेबल) शक्यतो टाळाच. बेस क्लासची प्रत्येक क्वेरी युनियन होते आणि आयडेंटिटी पद्धतीची (टेबलाने आपोआप वाढवत दिलेली) की चालत नाही, सीक्वेन्ससारखा दुसरा पर्याय लागतो. जॉइन्डमध्ये (सामायिक कॉलम बेसच्या टेबलात, बाकीचे सबक्लासच्या आपापल्या टेबलात) टेबलं नीटनेटकी राहतात, पण बेस क्लासवर क्वेरी मारली की सगळ्या सबक्लासची टेबलं लेफ्ट जॉइनने येतात. दोन-तीन सबक्लास असतील तर चालतं.

नुसते क्रिएटेड-अपडेटेडसारखे कॉलम सामायिक करायचे असतील तर यातलं काहीच नको, मॅप्ड सुपरक्लास (स्वतःचं टेबल नसलेला बेस क्लास) पुरे. फक्त दुसऱ्या एन्टिटीतून त्याच्याकडे मेनी-टू-वन नातं लावता येत नाही.