पानांआडचे संत्रे: प्रकाशक्षेत्र समजून घेण्याची एक रीत

साध्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवरील प्रत्येक बिंदू भिंगाच्या सर्व भागांतून आलेला प्रकाश एकत्र मोजतो. त्यामुळे प्रकाश किती आला हे कळते, पण तो कोणत्या दिशेने आला ही माहिती कायमची हरवते. दिशेसह ठेवलेली किरणांची नोंद म्हणजे प्रकाशक्षेत्र. ते समजून घेण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही, असे माझे ठाम मत आहे. नागपुरात संत्र्याचे झाड शोधावे लागत नाही. पानांआड अर्धवट झाकलेले एक फळ, मोबाइल आणि तीस सेंटिमीटरची पट्टी एवढे पुरेसे आहे.

हिवाळ्यातील सकाळी, वारा पडलेला असताना, फळापासून सुमारे एक मीटरवर टेबल ठेवून त्याच्या कडेला पट्टी चिकटवावी. फोकस आणि एक्सपोजर लॉक करावे, आणि मोबाइल जराही न वळवता दर २ सेंटिमीटरला एक अशी १५ छायाचित्रे घ्यावीत. पान हलले तर सारा प्रयोग वाया जातो, म्हणून येथे घाई करू नये.

ही छायाचित्रे गिंपसारख्या चित्र-संपादनाच्या संगणक प्रणालीत एकावर एक लेयर (थर) म्हणून ठेवावीत आणि प्रत्येक लेयर असा सरकवावा की संत्रे नेमके संत्र्यावर येईल. सर्वांत खालच्या लेयरची अपारदर्शकता १०० टक्के, त्यावरच्याची ५०, पुढची ३३, मग २५, अशी ठेवल्यास सर्वांची सरासरी मिळते. जवळच्या वस्तू चित्रांत अधिक सरकतात, म्हणून पाने धूसर होऊन विरतात आणि त्यांच्यामागचे फळ उमटते. तेच लेयर पानांवर जुळवले, तर फोकस पानांवर येतो. छायाचित्रे मात्र तीच असतात.

प्रकाशक्षेत्राचा कॅमेरा हेच काम एका क्लिकमध्ये करतो. त्यासाठी त्यात सूक्ष्मभिंगांची, म्हणजे अगदी चिमुकल्या भिंगांची, जाळी असते; तिची कल्पना फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ गाब्रिएल लिपमन यांनी १९०८ मध्ये मांडली होती. २००५ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात रेन एन्ग आणि सहकाऱ्यांनी सुमारे १.६ कोटी पिक्सेलच्या सेन्सरपुढे २९६ × २९६ सूक्ष्मभिंगे बसवून हातात धरता येणारा कॅमेरा सिद्ध केला. प्रत्येक सूक्ष्मभिंगामागे साधारण १४ × १४ पिक्सेल येतात, आणि त्यांतील प्रत्येक पिक्सेल मुख्य भिंगाच्या वेगळ्या भागातून आलेला प्रकाश टिपतो. आपल्या पट्टीवरील १५ जागा म्हणजे त्यांतील एक आडवी ओळच. याची किंमत मोठी आहे: अंतिम चित्र अवघ्या २९६ × २९६ बिंदूंचे उरते.

आपल्या प्रयोगात धूसरपणा केवळ आडवा पसरलेला दिसेल. तो सर्व दिशांनी हवा असल्यास टेबलाची उंची वहीच्या जाडीने वाढवत प्रत्येक उंचीवर तीच ओळ पुन्हा टिपावी.