मेपलच्या रसाची टाकी: नळजोडणी हंगामाआधीच

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावोगावी टाउन मीटिंग, म्हणजे गावाची वार्षिक सभा भरते. जुने लोक मेपलच्या झाडांना टॅप मारायला, म्हणजे खोडाला भोक पाडून रसासाठी तोटी ठोकायला, सुरुवात करायचे ती याच सुमारास. आता पुष्कळ जण फेब्रुवारीतच, कधी त्याहीआधी टॅप मारून मोकळे होतात. त्यामुळे टाकीची नळजोडणी जानेवारी संपायच्या आत उरकलेली बरी. रात्री शून्याखाली आणि दुपारी चार-पाच अंश, असे दिवस लागले की रस धावायला लागतो. मग टेफ्लॉन टेप शोधायला वेळ नसतो, आणि बधिर झालेल्या बोटांनी ती गुंडाळताही येत नाही.

पुढचं सगळं घरामागच्या शंभरेक टॅपच्या मांडणीसाठी आहे. झाडांपासून उतारावर आणलेल्या नळ्या, खाली एक टाकी, तिथून रस आटवायच्या कढईपर्यंत पाइप. प्रत्येक जोडाला मी एकच प्रश्न विचारतो: संध्याकाळी टाकी रिकामी केल्यावर इथे रस अडकून राहील का? अडकलेला रस रात्री गोठला तर व्हॉल्व्ह फोडतो, आणि गोठला नाही तर नासतो. थंडी आणि स्वच्छता या दोन्ही काळज्यांचं उत्तर एकच, पूर्ण निचरा.

आधी टाकीचा आकार ठरवा. नुसत्या उतारावर चालणाऱ्या नळ्यांना टॅपमागे एक गॅलन साठवण धरा, व्हॅक्यूम पंप असेल तर दोन गॅलन. शंभर टॅपना २७५ गॅलनची, लोखंडी पिंजऱ्यातली चौकोनी प्लास्टिक टाकी पुरून उरते. ती जुनी घेत असाल तर आधी तिच्यात काय भरलेलं होतं ते लेबलवर वाचा. खाद्यपदार्थच होता याची खात्री पटत नसेल तर ती कितीही स्वस्त असो, सोडून द्या. प्लास्टिक आतला वास शोषून घेतं आणि धुऊन तो जात नाही. रसात साखर जेमतेम २ टक्के. ८६ ला त्या टक्केवारीने भागायचा जुना हिशेब लावला तर एक गॅलन सिरपला ४३ गॅलन रस आटवावा लागतो. रसात आलेला जो वास वाफेबरोबर उडत नाही, तो तितकाच घट्ट होऊन बाटलीत उतरतो. दुधाच्या डेअरीतून निघालेली जुनी स्टेनलेस टाकी मिळाली तर सोनंच. मात्र तिचे कडीचे ट्राय-क्लॅम्प जोड दीड इंची आहेत की दोन इंची, हे मोजूनच घरी आणा.

पाया जमीन गोठायच्या आत, नोव्हेंबरपर्यंत घालायचा. २७५ गॅलन रस म्हणजे एक टनाहून जास्त वजन. गोठलेल्या जमिनीवर टाकी ठेवली तर मार्चमध्ये बर्फ वितळून चिखल झाल्यावर ती एका बाजूला खचते आणि सगळा ताण कडक पाइपच्या जोडावर येतो. खडी अंथरून, धुमसून, त्यावर जाड लाकडी ओंडके टाका. मागची बाजू किंचित उंच ठेवा, म्हणजे तळाचा रस तोटीकडे येईल. जागा उत्तरेची, सावलीची. साठवलेला रस चार अंशांच्या खाली राहिला तरच टिकतो. उन्हात तापलेल्या टाकीत जंतू वाढतात, साखरेची मोडतोड होते आणि सिरप काळपट होतं.

आता भोकं. टाकी गॅरेजमध्ये आणून किमान रात्रभर ऊबेत ठेवा, थंडगार प्लास्टिकला होल सॉ (गोल भोक पाडणारी करवत) लावला तर तडा जाऊ शकतो. टाकीच्या भिंतीतून पाइप काढायला बल्कहेड फिटिंग लागतं, आपले प्लंबर टँक निपल म्हणतात तेच. एक इंची फिटिंगला भोक एक इंचाचं नाही, बरंच मोठं लागतं. फिटिंग हातात आल्याशिवाय होल सॉ विकत घेऊ नका. जागा सपाट निवडा, उठावाच्या रेषेवर रबर नीट बसत नाही. कापल्यावर कडा कानशीने आणि पॉलिश पेपरने साफ करा, आणि आत पडलेला भुसा शेवटच्या कणापर्यंत वेचा, नाहीतर तो पंपात जाऊन बसतो. रबरी गॅस्केट आतल्या बाजूने, फिटिंगच्या कॉलरखाली. बाहेरच्या नटचे आटे बऱ्याच फिटिंगना उलटे असतात, तेव्हा जोर लावण्याआधी नट कुठल्या बाजूला फिरतो ते पाहा. हाताने घट्ट करून पान्याने पाव ते अर्धा फेरा, बस्स. जास्त आवळलं की रबर बाहेर सरकतं आणि गळती तिथूनच सुरू होते.

आट्यांची भानगड मात्र निवांतपणे समजून घ्यायला हवी. अमेरिकेत पाइपचे आटे एनपीटी या मापाचे आणि बागेच्या नळीचे वेगळे. दोन्ही पाऊण इंची असले तरी एनपीटीला इंचाला १४ आटे आणि बागेच्या नळीला साडेअकरा. एक-दोन फेरे बसतात, वाटतं जमलं, आणि मग अडतं. गावाहून येताना कुणी पितळी कॉक नाहीतर निपल बॅगेत आणणार असेल तर नको म्हणा. भारतातले आटे बीएसपी या वेगळ्या मापाचे. अर्ध्या आणि पाऊण इंचाला आट्यांची संख्या एनपीटीइतकीच असल्याने ते बसल्यासारखे वाटतात, पण आट्याचा कोन ५५ अंश, इथला ६०. तो जोड गळणारच. पितळ नाकारायला आणखी एक कारण आहे: शिसं. रसाला लागणारा प्रत्येक भाग स्टेनलेसचा किंवा खाद्यपदार्थांसाठी मान्य प्लास्टिकचा हवा. जुन्या गॅल्व्हनाइज्ड बादल्या आणि शिशाच्या डाकाने जोडलेली भांडी कुणी फुकट दिली तरी भिंतीवर शोभेला लावा, रसाला लावू नका. नळीवर एनएसएफ ५१ किंवा ६१ (खाद्यपदार्थ आणि पिण्याच्या पाण्यासाठीची मानकं) छापलेलं आहे का ते पाहून घ्या.

टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने तीन-चार वेढे. प्लास्टिकच्या मादी आट्यात धातूचा नर आटा शक्यतो घालू नका, पाचरीसारखा घुसून तो प्लास्टिक फाडतो. प्लास्टिकचा नर आणि स्टेनलेसची मादी, असा जोड सुखाचा. टाकीजवळ एक युनियन, म्हणजे पान्याने सुटा करता येणारा जोड हवाच, म्हणजे टाकी हलवायची वेळ आली तर काहीही कापावं लागणार नाही.

बॉल व्हॉल्व्हची गंमत अशी की तो बंद केल्यावर गोळ्याच्या पोटात थोडा रस कोंडलेला राहतो. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि सकाळी व्हॉल्व्हचं अंग चिरलेलं असतं. टाकी रिकामी असेल त्या रात्री व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवा, गोळा तिरका झाला की पोटातला रस ओघळून जातो. टाकी भरलेली असेल तर व्हॉल्व्हभोवती आपोआप तापमान सांभाळणारी हीट केबल आणि वर इन्सुलेशन. केबल प्लास्टिकवर चालणारी असावी आणि तिचं प्लग ओल्या जागेसाठीच्या संरक्षित सॉकेटमध्येच लावावं. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह उघड्यावर बसवूच नका, त्याचं कामच पाणी अडवून धरायचं. पंप लावलात तर त्याच्या डोक्याखालचा निचऱ्याचा स्क्रू रोज रात्री उघडा.

झाकण घट्ट लावून पंप सुरू केला तर टाकीच्या भिंती आत ओढल्या जातात, म्हणून हवा जायला वाट हवी. वर एक नळी काढून तिचं तोंड खाली वळवा आणि जाळी बांधा, नाहीतर उंदीर आणि किडे येतात. टाकी भरल्यावर जादा रस बाहेर सोडणारा वरचा पाइप येणाऱ्या पाइपपेक्षा जाडच घ्या आणि त्याचं तोंड पायापासून लांब सोडा, खडीखालची माती धुपू नये. येणारी नळी झाकणातून आत येऊन रसाच्या सर्वांत वरच्या पातळीच्याही वर संपावी. तिच्या तोंडाला गाळणीचं कापड, तेही रोज धुता येईल असं अडकवलेलं.

टाकीपासून कढईपर्यंतचा पाइप सतत उतरता हवा, मध्ये कुठेही पोट नको. तंगूस ताणून पाहा. लवचिक नळी दर दोन-तीन फुटांवर टेकूला बांधा, कारण रसाच्या वजनाने ती झोळी धरते आणि त्या झोळीतच पहिला बर्फ होतो. कढईपाशी फ्लोट (पातळी वाढली की रस आपोआप बंद करणारा तरंगता गोळा) असला तरी त्याच्या आधी हाताचा एक व्हॉल्व्ह ठेवा. फ्लोट अडकला आणि हाताचा व्हॉल्व्ह टाकीपाशीच असला तर बर्फातून पळत जावं लागतं, आणि इथे कढई जळत असते.

मग साध्या पाण्याने टाकी काठोकाठ भरा आणि रात्रभर तशीच सोडा, गॅरेजमध्येच. प्रत्येक जोडाखाली सुका पुठ्ठा ठेवा, डोळ्यांना न दिसणारा ओलावा त्यावर उमटतो. पाणी सोडून देताना तळाशी किती उरलं ते बघा. ओंजळीहून जास्त असेल तर टाकी मागून आणखी उचला. नंतर गरम पाण्याने धुवा. ब्लीच वापरलंच तर अगदी पातळ, आणि वास पूर्ण जाईपर्यंत पुन्हा पुन्हा खळबळा. स्टेनलेसला ते नको, खड्डे पडतात. नळ्यांत ब्लीचचा खारटपणा राहिला तर खारी त्या कुरतडतात.

सुट्या भागांचा डबा टाकीपाशीच ठेवा: दोन गॅस्केट, एक तयार जोडलेला बॉल व्हॉल्व्ह, टेफ्लॉन टेप, नळीचे क्लॅम्प, दोन पाने आणि हेडलॅम्प. रस ऐन भरात असतो तेव्हा दुकान बंद असतं. पहिल्या दिवशी नळ्यांतून येणारा सुरुवातीचा रस टाकीत घेऊ नका, तो नळ्या धुवायला जाऊ द्या. आणि पहिली कडक रात्र सरली की सकाळी टाकीला पुन्हा एक चक्कर मारा. थंडीने आखडलेले नट तेव्हा थोडे सैल लागतात, त्यांना हाताने जेमतेम एक पीळ द्या.