काका, मामा आणि मधली रेघ

‘काका, मामा आले.’ आणि ‘काका-मामा आले.’ ही दोन वाक्ये मोठ्याने वाचून पाहावीत. पहिल्यात मामा आल्याची वर्दी काकांना दिली आहे. दुसऱ्यात दोघेही दारात उभे आहेत. पूर्वी मराठीत अशी चिन्हे नव्हती; मोडी या जुन्या लिपीत लिहिताना शब्दांमध्ये जागासुद्धा सोडत नसत. आजची विरामचिन्हे एकोणिसाव्या शतकात कोशकार मेजर थॉमस कँडी यांच्या प्रयत्नांनी इंग्रजीवरून मराठीत रुळली, त्यामुळे ती योजताना मराठी वाक्याची घडण आधी पाहावी लागते.

स्वल्पविराम संबोधनानंतर द्यावा, एकाच जातीच्या शब्दांमध्ये द्यावा (‘ज्वारी, बाजरी आणि नाचणी’, ‘आणि’पूर्वी तो नको) आणि गौण वाक्य संपते तिथे द्यावा: ‘उघडीप मिळाली, तर उद्या पेरणी करू.’ मात्र कर्ता लांबलचक झाला म्हणून त्याच्यापुढे स्वल्पविराम टाकू नये. ‘गेल्या वर्षी खणलेली विहीर, यंदा आटली’ या वाक्यात तो विहिरीला तिच्या क्रियापदापासून उगाच तोडतो. ‘की’बाबत मतभेद आहेत. ‘त्यांनी सांगितले की, धरण भरले’ अशी रचना वृत्तपत्रांत सर्रास दिसते. परंतु ‘की’ पुढच्या वाक्याला जोडून उच्चारला जात असल्याने ‘त्यांनी सांगितले, की धरण भरले’ हे मला अधिक पटते. ‘धरण भरल्याचे त्यांनी सांगितले’ असे लिहिले, तर प्रश्नच मिटतो.

संयोगचिन्ह म्हणजे आखूड रेघ. ती शब्द जोडते: ‘पुणे-नाशिक’, ‘आठ-दहा’. ‘हळूहळू’, ‘घरोघर’ यांना मात्र तिची गरज नाही.

अपसारणचिन्ह म्हणजे लांब रेघ. बोलणे मध्येच तुटले (‘मी गेलो होतो, पण —’) किंवा आधीच्या शब्दाचा खुलासा करायचा असला, की ती वापरावी. वाक्याच्या पोटात दोन रेघांमध्ये मजकूर कोंबण्याची सवय मात्र इंग्रजी वाचनातून येते. ‘ती विहीर — जी उन्हाळ्यातही आटत नसे — बुजवली’ यापेक्षा ‘उन्हाळ्यातही न आटणारी ती विहीर बुजवली’ हे सरळ आहे, कारण मराठीत विशेषण नामाच्या आधी हवे तेवढे लांबवता येते. मी स्वतः अशी रेघ काढण्यापूर्वी धातूला ‘-णारा’ किंवा ‘-लेला’ लावून पाहतो. बहुतेक वेळा रेघ लागतच नाही.

टंकलेखन करताना स्वल्पविराम आधीच्या शब्दाला चिकटवावा आणि त्यानंतर एक जागा सोडावी. आखूड रेघेच्या दोन्ही बाजूंना जागा नसते. बऱ्याच मोबाइलांवर आखूड रेघेची कळ दाबून धरली, की लांब रेघ मिळते.